कोरे कान

आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना हात आहेत, मला कान आहेत. ही बढाई नाही, तो आमच्याकडचा नियम आहे. गाड्यांमध्ये गाण्याची यंत्रणा बसवायचं आमचं काम. गिऱ्हाईक गाडी आणून सोडतं. आम्ही तिचे दरवाजे, सीटा, छत, सगळं उघडतो, त्या गाडीच्या मापाचे लाकडी डबे बनवतो, त्यात स्पीकर बसवतो, वायरी ओढतो आणि गाडी पुन्हा होती तशी बंद करतो. या कामात एक खोड आहे. जो माणूस आठवडाभर एकाच गाडीत बसून एकच गाणं वाजवत राहतो, त्याचे कान त्या गाडीला सरावतात. घोगरं वाजत असलं तरी त्याला ते गोड वाटायला लागतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, तसंच हे.

म्हणून माझ्या यजमानांनी दुकान काढलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की घरातल्या एका माणसाने चालू कामाच्या गाडीजवळ फिरकायचं नाही. गाडी कुणाची, त्याला काय हवंय, आत काय बसवलंय, काही विचारायचं नाही आणि त्याला कुणी काही सांगायचंही नाही. काम संपलं की त्याने यायचं, एक गाणं ऐकायचं आणि निकाल द्यायचा. याला ते ‘कोरे कान’ म्हणत. ते कान माझे. यजमान गेले, दुकान मुलाकडे आलं, नियम मात्र जागच्या जागी राहिला. मी नाही म्हटलं की गाडी बाहेर पडत नाही. चिरंजिवांनी एकदा कुरकुर करून पाहिली, की गिऱ्हाईक खूश आहे तर आईला कशाला खाली आणायचं. मी म्हटलं, गिऱ्हाईक नव्या वस्तूवर खूश असतं. महिन्याभराने तेच डोकं धरून येईल तेव्हा तू बोल त्याच्याशी. त्यानंतर कुरकुर बंद झाली.

ऐकायला बंदी आहे, बघायला नाही. घर वर्कशॉपच्या वरच, आणि ओट्यासमोरच्या खिडकीतून खालची गाडी स्पष्ट दिसते. खिडकी घट्ट लावून घ्यायची आणि बघायचं. माझ्या सुनेचं काम मी असंच काचेतून पाहिलं आहे, मुक्या सिनेमासारखं.

सून आमच्याकडे आली तेव्हा तिला स्पीकर म्हणजे गोल असतो एवढं माहीत होतं. नवऱ्याला चहा द्यायला खाली गेली ती वर येईचना. आधी टॉर्च धरायला लागली, मग वायरी सोलायला, मग करवत तिच्या हातात कधी गेली ते चिरंजिवांनाही सांगता येणार नाही. माझा मुलगा चांगला कारागीर आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ही बाई वेगळ्याच मातीची. डिकीच्या कोपऱ्यात चाकावरचा जो फुगवटा असतो, तिथे डबा बसवताना भलेभले फट सोडतात आणि वरून कापड लावून झाकतात. ही आधी जाड पुठ्ठा कापते, लावून बघते, पुन्हा कापते, आणि असे पाच-सहा पुठ्ठे फेकल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही. मग डबा सरकवते तो असा बसतो की नख आत जाणार नाही. सासूने सुनेचं कौतुक करू नये असा काही कायदा असेल तर तो मी मोडते आहे. खुशाल मोडते आहे.

आता तिच्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्यांच्यामुळे. आमचे व्याही छापखान्यात मशीनवर होते. उभा जन्म त्या धडधडीत गेला. त्या काळी कानात काही घालायची पद्धत नव्हती, आणि असती तरी त्यांनी घातलं नसतं, कारण मशीन बिघडली की आधी तिचा आवाज बदलतो आणि तो त्यांना ऐकायचा असे. निवृत्त झाले आणि कानांनी सूड उगवला. नुसते बहिरे झाले असते तर गोष्ट सोपी होती. त्यांचं झालं भलतंच. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललं की टोचतं. भांडं पडलं तर खुर्चीतून उठून उभे राहतात. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं, कारण त्याने नळाचं पाणीसुद्धा त्यांच्या अंगावर ओरडायचं.

आधी टीव्ही बंद झाला, मग गाणी, मग लोकांकडे जाणं. विहीणबाई किती वर्षं ओरडून बोलणार? त्याही हळूहळू गप्प झाल्या. पाणी हवंय का, तर हाताने पेला दाखवायचा. झोपायचंय का, तर मान तिरकी करायची. दोघांचं सगळं आयुष्य खुणांवर आलं होतं, आणि पूर्वी या बाई अशा बोलक्या होत्या की लग्नाच्या बोलणीत मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. दुपार झाली की व्याही जिना उतरून खाली लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसत. काचा बंद, इंजिन बंद. तेवढ्या एका जागी त्यांना टोचत नसे. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा रुसलाय.

सुनेने एक दिवस जेवताना जाहीर केलं की ती बाबांची गाडी करायला घेणार आहे. चिरंजिवांचा घास हातात राहिला. ज्या माणसाला चमच्याचा आवाज सोसत नाही त्याच्या गाडीत स्पीकर, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, ते आधी गाण्याशिवाय जेवत नसत, आणि आता गाडीतच बसतात, तर गाणं गाडीत जाऊन त्यांना भेटलं तर काय बिघडलं? पुढचं काही मी ऐकलं नाही, कारण मी ताट घेऊन उठले. नियम म्हणजे नियम. ती गाडी माझ्यासमोर येणार होती आणि मला कोरं राहायचं होतं.

मग मी खिडकीतून पाहिलं. गाडी तिने पार सोलली. सीटा बाहेर, गालिचा बाहेर, दरवाज्यांच्या आतल्या फळ्या बाहेर, छताचं कापडसुद्धा खाली. उघडा पत्रा राहिला. त्यावर ती काळ्या जाड रबराचे तुकडे लावत सुटली. इतर गाड्यांना आम्ही दरवाज्यांत लावतो आणि पुढे जातो. हिने जमिनीवर लावलं, छतावर लावलं, चाकांच्या वर दुहेरी लावलं, आणि प्रत्येक तुकडा छोट्या लाकडी रोलरने इतका दाबला की संध्याकाळी तिला मनगट हलवता येईना. मी तेल चोळून दिलं. तिने काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही, फक्त मनात म्हटलं की बाई स्पीकर बसवणार आहेस की तिजोरी बांधते आहेस.

त्यानंतर खडखड शोधायचं काम निघालं. गाडीत एखादा जाडा सूर वाजवला की कुठला तरी स्क्रू, कुठली तरी पट्टी सोबत थरथरते, आणि ती शोधणं हे कामातलं सगळ्यात चेंगट काम. सून दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवून सरकवत जायची, डोळे मिटून, डॉक्टर पोट तपासतात तशी. थरथर सापडली की तिथे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, मऊ पट्टी. एकदा तर तिने नवऱ्याला डिकीत आडवं घातलं, झाकण लावलं आणि गाडी आवारात फिरवली. आमचे चिरंजीव अंगाने भरलेले आहेत. ते डिकीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्यांच्या हातात नंबरप्लेटमागचा एक सैल बोल्ट होता आणि सून टाळ्या वाजवत होती. मी खिडकीशी एकटीच हसले.

मधले काही दिवस ती रोज दुपारी माहेरी जाऊन येत होती. का ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

गाडी तयार झाली त्या दिवशी ती आईवडिलांना आणायला गेली आणि मी खाली उतरले. चालकाच्या जागेवर बसले, दार ओढलं. दार लागल्याचा आवाज असा आला की मी पुन्हा उघडून पुन्हा लावलं. बाहेर रस्ता होता, शेजारी टायरवाल्याचा हातोडा चालू होता, आणि आत मला माझाच श्वास ऐकू येत होता. चिरंजिवांनी गाणं लावलं. खालचे सूर अगदी जागेवर. ठोका कुठे फुटत नाही, कुठे घुमत नाही. पण वरचं काय? तारांची चमक नाही, गाणाऱ्याच्या शब्दांना धार नाही. जाड पांघरुणाखाली तोंड घेऊन कुणी गातंय असं वाटत होतं. ज्या बाईने डबा असा बसवला तिच्या हातून हे कसं झालं, म्हणून मला वाईटच वाटलं.

मी निकाल दिला. म्हटलं, मुकं आहे.

चिरंजीव म्हणाले की तिने लॅपटॉपला हात लावू नको म्हणून बजावलंय. आवाजाचे सगळे सूर आम्ही लॅपटॉप जोडून खालीवर करतो, ते त्यात साठवलेले असतात. मी म्हटलं, मग नियम कुणासाठी आहे? तिचे कान गाडीला सरावले, असं होतंच, आणि त्यासाठीच मी आहे. तो घुटमळला. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला पुरुष जी जवळ उभी असेल तिचं ऐकतो, आणि त्या क्षणी जवळ मी होते. त्याने वरचे सूर चढवले. मी म्हटलं, अजून. मग म्हटलं, बस. गाडी लखलखीत वाजायला लागली. मी समाधानाने उतरले, पदराला हात पुसले आणि पाहुण्यांची वाट बघत बाकावर बसले.

व्याही आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला. सुनेने त्यांना आत बसवलं, स्वतः बटण दाबून दिलं आणि दार लावून बाहेर आली, कारण मालकाने पहिलं गाणं एकट्याने ऐकावं ही आमची पद्धत. तिच्या तोंडावर जे होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी असलेली मुलगी, एवढंच म्हणते.

आतलं आम्हाला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. व्याह्यांचे खांदे वर गेले. मान आत गेली. एक हात डॅशबोर्डवर बटण शोधायला लागला आणि त्यांना ते सापडेना, कारण आता तिथे सगळंच नवीन होतं. मग त्यांनी दार ढकललं आणि बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. तरीही मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “छान झालंय, बेटा. खूप मेहनत घेतलीस.” मग किल्ली बाकावर ठेवली. गाडी राहू दे काही दिवस इथेच, असं काहीसं पुटपुटले आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले. विहीणबाई पिशवी सावरत मागून धावल्या.

सून गाडीत जाऊन बसली. लॅपटॉप उघडला. वरचे सूर चढलेले दिसले. कुणी हात लावला, असं तिने विचारलं तेव्हा आवाज चढला नव्हता. चिरंजीव माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीच सांगून टाकलं, आणि वर चार शब्द सुनावले की गाडी मुकी होती, अशी गाडी या दुकानातून कधी बाहेर गेली नाही, तुझे वडील असले म्हणून नियम बदलत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, तुमचे कान कोरे आहेत. बाबांचे नाहीत. त्यांच्यावर सगळं आयुष्य उमटलंय.”

मला राग आला. पण ती भांडायला बोललीच नव्हती. तिने दुपारी माहेरी जाऊन काय केलं ते शांतपणे सांगितलं. वडिलांसमोर बसून ती फोनवर एकेक सूर अगदी बारीक लावायची आणि थोडाथोडा वाढवत न्यायची. ऐकू आला की त्यांनी एक बोट वर करायचं, टोचला की मूठ मिटायची. बहुतेक सुरांना बोट आणि मूठ यांच्यात भरपूर जागा होती. वरच्या काही सुरांना मात्र बोट वर जाईपर्यंत मूठ मिटलेली असायची. ते सूर तिने गाण्यातून वेचून खाली केले होते. उरलेलं त्यांच्या बोटाच्या वर आणि मुठीच्या खाली राहील असं बसवलं होतं. ते हळू ऐकू यायचं तर बाहेरचा आवाज आत येता कामा नये, म्हणून ते सगळं रबर, खडखडीचा तो सगळा शोध. तिने ती गाडी एका माणसाच्या कानांच्या मापाने शिवली होती, आणि मी ती माझ्या मापाने उसवून दिली होती.

आयुष्यभर मी कारागीर पाहिले. नवरा पाहिला, मुलगा पाहिला. चांगलं वाजवणारे सगळेच होते. पण आपण काय ऐकतो ते पूर्ण बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या मिटलेल्या मुठीवर विश्वास ठेवून काम करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि माझी लाज वाटली, दोन्ही एकदमच. मग ती म्हणाली, “बाबांना एक जागा होती हो, आई. ती पण गेली.” आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी व्याह्यांकडे गेले. कुणाला सांगून गेले नाही. इमारतीखाली गाडीची जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत व्याही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही कानांत कापूस. समोरून दुचाकी गेली की डोळे मिटायचे, पण उठून वर जायचे नाहीत. मी रखवालदाराची खुर्ची ओढली आणि त्यांना माझे ओठ दिसतील अशी समोर बसले. त्यांनी कापूस काढला, आणि मी काही म्हणायच्या आत तेच बोलले.

“विहीणबाई, तिला सांगू नका मला दुखलं म्हणून. पोरीने एवढं केलं आणि माझे कानच फुटके.”

मी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं की काल तुम्ही ऐकलंत ते तुमच्या मुलीचं काम नव्हतं. ते माझे कान होते, मी आगाऊपणा केला. तिचं अजून तुम्ही ऐकलेलंच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. समजलं की नाही मला कळेना, म्हणून मी पुन्हा सांगितलं. ते हसले, म्हणाले की पहिल्यांदाच कळलं होतं, पण विहीण कान पकडते आहे हे दोनदा ऐकायला मजा आली. मग उठून त्यांनी वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोला चपला घालायची खूण केली.

वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा सुनेने तिचे सूर परत लावून ठेवले होते. ती सोबत यायला तयार झाली नाही. म्हणाली, मी असले की बाबा माझ्यासाठी छान म्हणतील. चिरंजीव चहा करायला निघून गेले, संकटात ते नेहमी चहा करतात. शेवटी व्याही चालवायला, मी शेजारी, विहीणबाई मागे, अशी आमची वरात निघाली.

व्याही आधी गाणं लावायलाच तयार नव्हते. वळणापर्यंत तसेच गेलो. मग त्यांनीच बोट पुढे करून बटण दाबलं. गाणं सुरू झालं, त्यांचंच जुनं आवडतं. मला ते कालच्यासारखंच मुकं वाटत होतं, धार नसलेलं, आणि मी तोंड घट्ट मिटून त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे वर गेले नाहीत. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. स्टिअरिंगवरची त्यांची करंगळी ठेका धरायला लागली. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

बाजाराच्या रस्त्याला लागलो. बाहेर हॉर्न, हातगाड्या, माणसं, सगळं काचेपलीकडे; आत हळू लावलेल्या गाण्यातही साधं बोलणं ऐकू यावं इतकं शांत. मागे विहीणबाई खिडकीतून दुकानं बघत होत्या. त्या आपल्याशीच म्हणावं तसं हळू म्हणाल्या, “घरातला साबण संपलाय.”

व्याही पुढे बघत म्हणाले, “अंगाचा की कपड्यांचा?”

गाणं चालूच होतं. गाडी चालूच होती. मी मान वळवून मागे पाहिलं. विहीणबाईंचा हात तोंडाशी गेला होता. मी श्वास धरून बसले होते, आता या बाईने ओरडू नये म्हणून. त्यांनी हात खाली घेतला आणि मघाच्याच आवाजात म्हणाल्या, “दोन्ही.”

“बरं,” व्याही म्हणाले, आणि दिवा लाल झाला म्हणून त्यांनी ब्रेक दाबला.

आपण हळू बोललेलं ऐकलं, हे त्यांना कळलंच नव्हतं. मग विहीणबाई बोलायला लागल्या. साबणावरून तांदळावर गेल्या, तांदळावरून जावेवर, जावेवरून गच्चीतल्या गळतीवर. किती वर्षांचं साठलेलं होतं कोण जाणे. व्याही हूं म्हणत होते, मध्येच तसं नाही गं म्हणत होते, एकदा तर चक्क चिडले. मी शेजारी बसून समोरच्या काचेतून रस्ता बघत होते आणि मला तो नीट दिसत नव्हता.

परत आलो तेव्हा सून दारात झाडू घेऊन उभी होती. जमीन केव्हाच लख्ख झाली होती, तरी ती झाडतच होती. मी उतरले. गाडी उभी राहिली तरी ते दोघं आतच बसले होते, काचा बंद, आणि आत विहीणबाईंचे हात चालले होते. खुणा करत नव्हत्या, बोलताना माणसाचे चालतात तसे चालले होते.

सुनेने विचारलं, “आई, काय म्हणतात?”

मी म्हटलं, “आत भांडण चाललंय गं. गच्चीच्या गळतीवरून.”

तिने गाडीकडे पाहिलं. झाडू भिंतीला टेकवायला गेली, तो टेकला नाही, खाली पडला, आणि तिने तो उचलला नाही.